उणे वीस अंशांत रोज पंधरा मिनिटं: मॅडिसनचा हिवाळा बघायचा कसा

विस्कॉन्सिनातल्या मॅडिसनला आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी घर, गाडी, ऑफिस, गाडी, घर एवढंच केलं. मार्चमध्ये आईनं फोनवर विचारलं, "तुमच्याकडचा हिवाळा असतो तरी कसा गं?" मला सांगण्यासारखं काही सुचेना. चार महिने काढले होते, बघितलं काहीच नव्हतं. पुढच्या वर्षापासून एक नेम केला: काहीही झालं तरी दिवसातून पंधरा मिनिटं बाहेर. त्या नेमापायी जे शिकले, बरंचसं चुकून आणि थोडं शेजाऱ्यांकडून, ते इथे क्रमानं लिहिते. मिनेसोटा, आयोवा किंवा इलिनॉयमध्ये नव्यानं आलेल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

पायरी १: आकडा वाचायला शिका

इथे हवामान फॅरनहाइटमध्ये सांगतात. तीन आकडे पाठ केले की पुरे. ३२ म्हणजे आपलं शून्य. शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे १८ सेल्सिअस. आणि उणे ४० ला दोन्ही मापं एकच होतात, तिथे भांडण मिटतं. ही शेवटची गोष्ट गंमत म्हणून सांगत नाही. मिनेसोटातल्या टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ ला पारा उणे ६० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ५१ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. ३० जानेवारी २०१९ ला तर शिकागोसारख्या शहरात उणे २३ फॅरनहाइट झालं होतं.

पण नुसता पारा बघून दार उघडू नका, वाराही बघा. शून्य फॅरनहाइटला ताशी २४ किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे १९, म्हणजे उणे २८ सेल्सिअससारखं लागतं आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. हा वाऱ्याचा हिशेब अंगासाठी आहे, वस्तूंसाठी नाही. वाऱ्यानं गाडी लवकर गार होते खरी, पण हवेच्या तापमानाखाली जात नाही.

यापुढे सगळं सेल्सिअसमध्येच लिहिते. माझा स्वतःचा नियम असा: उणे दहापर्यंत मनसोक्त हिंडायचं. उणे दहा ते वीसमध्ये पंधरा-वीस मिनिटं, हातमोजा न काढता. वारा धरून उणे तीसपर्यंत गेलं की पाच मिनिटं, तीही आपल्या दारासमोर. त्याखाली खिडकी आहेच, आणि खिडकीतून दिसतं तेही कमी नसतं.

थर्मामीटर नसला तरी अंदाज येतो. श्वास घेताना नाकातले केस चिकटल्यासारखे झाले की उणे पंधराच्या आसपास समजा. पायाखालचं बर्फ चुरचुर वाजू लागलं की उणे दहाच्या खाली. त्याहून उबदार असेल तर कण एकमेकांवर सरकतात आणि पाऊल मऊ पडतं. फार थंडीत ते घसरत नाहीत, तुटतात. तोच तो आवाज, कोरड्या पोह्यांवर पाय पडल्यासारखा.

पायरी २: अंगावर काय घालायचं

नवीन माणूस आधी महागडं जॅकेट घेतो. माझं मत विचाराल तर पहिले पैसे बुटांवर घाला. जॅकेट एकवेळ कुणाकडून मागून आणता येतं, दुसऱ्याचा बूट पायात बसत नाही. बूट एक नंबर मोठा घ्या, म्हणजे जाड लोकरी मोजा घालूनही बोटं हलली पाहिजेत. ऊब धरून ठेवते ती आतली हवा. दोन मोजे कोंबून बूट घट्ट केला की रक्त फिरत नाही आणि पाय उलट लवकर गार पडतात.

अंगाला लागून सुती काही नको. सुती बनियन घाम पितं आणि ओलंच राहतं. आत पातळ लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं, मधे जाड लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं. घरातून निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटलं तर दहा मिनिटांत घामाघूम व्हाल आणि मग हुडहुडी भरेल. हाताला पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहतात तसले मिटन बरे.

आणि माकडटोपी. पुण्यात नोव्हेंबरातच माकडटोपी चढवणाऱ्या काकांना आम्ही कॉलेजात असताना फार हसायचो. त्या सगळ्या काकांची मी इथून जाहीर माफी मागते. कान, मान, हनुवटी, कपाळ एकाच वस्तूत झाकणारी याहून शहाणी टोपी अजून निघालेली नाही.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. दुसऱ्या वर्षी लाल कार्डिनल पक्ष्याचा फोटो काढायला मिटन काढलं. उणे एकवीस होतं. फोन चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडला, आणि घरी येईतो करंगळीचं टोक मेणबत्तीसारखं पांढरं आणि बधिर झालेलं. ते चोळायचं नसतं, कडकडीत पाण्यातही घालायचं नसतं. मी काखेत धरून बसले. दहा मिनिटांत रंग आला आणि पाठोपाठ अशी कळ, की डोळ्यांतून पाणी. रंग आला नसता, किंवा कातडी टणक लागली असती, तर दवाखाना गाठावा लागला असता. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा.

पायरी ३: घर आणि गाडी आधी मार्गी लावा

हे पटकन उरकते. थंडीची लाट येणार असेल तर रात्री बाहेरच्या भिंतीकडच्या नळाची बारीक धार चालू ठेवा आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाका, म्हणजे पाइप गोठून फुटत नाहीत. घर गरम करणाऱ्या भट्टीचा धूर सोडणारी नळी भिंतीतून बाहेर आली असेल तर तिच्यासमोरचं बर्फ काढा. ती बुजली तर घरात कार्बन मोनॉक्साइड साठतो. गाडीची टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. डिकीत फावडं, घोंगडी, टॉर्च आणि चाकाखाली टाकायला वाळू असू द्या. रस्त्यात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, आणि इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे ना ते बघा.

फुटपाथवर मीठ टाकायचं ते मूठभर, आणि बर्फ ओढून झाल्यावर. उणे नऊच्या खाली साधं मीठ जवळजवळ काम करत नाही, तेव्हा वाळू टाका. टाकलेलं सगळं मीठ शेवटी तळ्यात जातं. एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी, म्हणजे जवळपास एकोणीस लिटर, जलचरांसाठी खराब करायला पुरतं. ते पुन्हा निघत नाही.

स्वयंपाकघराचंही सांगते. खोबरेल तेल चार महिने दगड होतं, बाटली सोडून रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा. विरजण आणि इडलीचं पीठ बंद ओव्हनमध्ये, नुसता आतला दिवा लावून. सकाळी दही कवडीसारखं लागतं. तुळस सप्टेंबरअखेर घरात घ्या. पहिल्या दहिवराच्या रात्रीनंतर आठवण येऊन उपयोग नाही.

पायरी ४: खिडकीबाहेर दाणापाणी

निरीक्षणाची सुरुवात इथून करा, कारण यात चहाचा कप हातात राहतो. सूर्यफुलाच्या काळ्या बियांची एक नळी टांगा. खिडकीपासून तीन फुटांच्या आत किंवा तीस फुटांच्या पलीकडे. मधल्या अंतरावर टांगली तर पक्षी वेगात येऊन काचेवर आपटतात आणि मरतात. दुकानात चरबीच्या वड्या मिळतात, त्या सुतारपक्ष्यांना आवडतात. आमच्या घरात गोमांसाची चरबी आणण्यावरून तहकूब सभा झाली. शेवटी शेंगदाण्याचं लोणी आणि मक्याचं पीठ कालवून पाइनच्या बोंडांना फासायचं ठरलं. पक्ष्यांनी तक्रार केली नाही. नळी दोन आठवड्यांनी धुवा, नाहीतर रोग पसरतो.

कोण येतं ते ओळखायला तीन पाहुणे पुरेत.

चिकडी सर्वांत आधी येते. काळी टोपी, काळा गळा, पांढरे गाल, वजन जेमतेम अकरा-बारा ग्रॅम, म्हणजे दोन-तीन छोटे चमचे साखर. एवढासा जीव उणे तीसची रात्र काढतो कसा? दिवसभर खाऊन अंगावर चरबी चढवतो, रात्री एखाद्या ढोलीत शिरतो आणि अंगाचं तापमान दहा-बारा अंशांनी उतरवून कुडकुडत राहतो. सकाळी ती चरबी संपलेली असते. म्हणून उजाडताच नळीवर गर्दी होते आणि म्हणून दाणे आदल्या संध्याकाळीच भरून ठेवायचे. तिला नीट बघा: एक बी उचलते आणि उडते, तिथेच बसून खात नाही. काही बिया सालीच्या फटीत दडवते आणि आठवडे उलटले तरी तिला जागा आठवतात. तिचं नाव तिच्या हाकेवरून पडलंय, चिक-अ-डी-डी. शेवटचे 'डी' मोजा. शत्रू जितका धोक्याचा, तितके 'डी' जास्त. 'डी'ची माळच लागली तर झाडीत छोटं घुबड बसलेलं असू शकतं.

दुसरा जंको. पाठ पाटीसारखी करडी, पोट पांढरं, जणू वर शिसाचं आभाळ आणि खाली बर्फ. तो नळीवर क्वचित बसतो, खाली सांडलेलं टिपतो. कॅनडाच्या जंगलांतून हिवाळा घालवायला तो इथे येतो. आपण कुडकुडतो ते गाव त्याच्या लेखी दक्षिणेचं ऊबदार गाव आहे, हे मला कितीतरी दिवस पचलं नाही.

तिसरा कार्डिनल. हा जात नाही कुठे, बारा महिने इथलाच. झुंजुमुंजू होताना पहिला आणि दिवेलागणीला शेवटचा. जानेवारीअखेर, सगळं गोठलेलं असताना, उंच फांदीवरून त्याची लांब शीळ सुरू होते. थंडी तितकीच असते, दिवस मोठा व्हायला लागलेला असतो.

सगळे पक्षी एकाएकी पुतळ्यासारखे थिजले तर वर बघा. बहुधा कूपर ससाणा आलेला असतो. वाईट वाटून घेऊ नका, त्यालाही हिवाळा काढायचाय.

पायरी ५: पायाखाली काय पडलंय

मराठीत 'बर्फ' हा एकच शब्द. गोळेवाल्याची लादी बर्फ आणि आभाळातून पडतं तेही बर्फ. इथे तेवढ्यानं भागत नाही, म्हणून आमच्या घरी स्वयंपाकघरातली नावं रुळली आहेत. शून्याच्या आसपास पडतं ते 'ओलं खोबरं': मुठीत दाबलं की गोळा होतो, बाहुला छान बनतो, पण फावड्यावर जड. कंबर मोडते ती यानंच, तेव्हा उचलू नका, ढकला. कडाक्यात पडते ती 'पिठीसाखर': फुंकर मारली तरी उडते, झाडू मारून काम होतं. मधेच टपटपतो तो 'साबुदाणा', पांढरे मऊ गोळे, बर्फाच्या चांदणीवर ढगातले थेंब थिजून झालेले. आणि पाऊस जमिनीवर पडता क्षणी गोठला की 'काच'. काचेवर बदकासारखं चालायचं: पाय फाकून, छोटी पावलं, हात खिशाबाहेर.

चांदण्या बघायच्या असतील तर काळ्या लोकरीचा तुकडा आधी तासभर बाहेर गार करत ठेवा. त्यावर पडलेले कण सोनाराच्या भिंगातून बघा, श्वास रोखून. उणे पंधराच्या आसपासच्या ढगातून सहा फांद्यांच्या नक्षीदार चांदण्या पडतात, उणे पाचच्या सुमाराला सुयांसारखे कण. जमिनीवर उभं राहून वरच्या ढगाचं तापमान वाचता येतं, हे मला अजूनही जादूसारखं वाटतं.

बर्फ पडून गेल्याची दुसरी सकाळ ठशांची. सशाचे ठसे इंग्रजी वाय अक्षरासारखे: मागचे दोन लांब पाय पुढे, पुढचे दोन मागे एकामागे एक. खारीचे चौकोनी खोक्यासारखे, झाडापाशी सुरू आणि झाडापाशी संपतात. कोल्ह्याची रांग दोरी ताणल्यासारखी सरळ, पाळीव कुत्र्याची भटकी. कुत्र्याला घरी ताट वाढलेलं असतं, त्याला इकडेतिकडे करायला वेळ आहे. झुडपाची फांदी चाकूनं तिरकी कापल्यासारखी दिसली तर सशानं खाल्ली, फाटलेली दिसली तर हरणानं. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं.

मधेच बर्फात अंगठ्याएवढं भोक दिसेल. तिथे थांबा. बर्फाचा थर वीतभर झाला की त्याच्या तळाशी, जमिनीला लागून, तापमान शून्याच्या आसपासच राहतं, वर उणे पंचवीस का असेना. त्या अंधारात शेतउंदरांचे बोगदे, रस्ते, कोठारं, सगळा संसार चाललेला असतो. वसंतात बर्फ वितळलं की गवतावर त्या बोगद्यांचा नकाशा उघडा पडतो. म्हणून अंगणाचा एक कोपरा मी न तुडवता ठेवते.

पायरी ६: तळ्यावर जाताना

मॅडिसनचा मध्यभाग मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलाय. नोव्हेंबरअखेर या पाण्यावर उत्तरेकडून टुंड्रा हंस उतरतात आणि पाणी मिटेपर्यंत राहतात. मेंडोटा कधी गोठलं, कधी सुटलं याच्या नोंदी १८५०च्या दशकापासून आहेत. १८८०-८१च्या हिवाळ्यात ते १६१ दिवस गोठलेलं होतं, २००१-०२ मध्ये फक्त २१. दीडशे वर्षांत बर्फाचा काळ सरासरी महिनाभरानं आक्रसलाय.

म्हणूनच 'सगळे जातात' हे कारण पुरेसं नाही. स्वच्छ, काचेसारखा, नवा बर्फ चार इंच म्हणजे दहा सेंटिमीटर असेल तर माणूस चालू शकतो. पांढुरका, दुधाळ बर्फ निम्म्या ताकदीचा, तिथे दुप्पट जाडी हवी. मासे धरायला बसलेल्या एखाद्या जुन्या माणसाला जाडी विचारा. ते लोक भोक पाडूनच बसलेले असतात आणि सांगायला उत्सुक असतात. पण त्याच्या तळाखाली दहा इंच म्हणजे पन्नास पावलांवरही तेवढाच, असं नाही. याहारा नदी तळ्याला मिळते ती जागा, पुलांखालचा भाग आणि पाण्यात झरे असलेल्या जागा कायम दगा देतात. एकट्यानं जाऊ नका, गळ्यात बर्फात रुतवायच्या टोच्यांची जोडी अडकवा. पाय गेलाच तर आल्या दिशेला तोंड करा, कारण तिकडचा बर्फ तुम्हाला पेलत होता. टोचे रुतवा, पाय मारत पोटावर वर सरका आणि उभं न राहता लोळत लांब जा.

हे सगळं जमत नसेल तर काठावर उभ्या राहा, खरं ऐकायचं ते काठावरूनही ऐकू येतं. सूर्य बुडताना पारा झपाट्यानं उतरतो, बर्फ आक्रसतो आणि लांबलचक भेगा पडतात. आधी 'प्यूंव' असा ताणलेली तार छेडल्यासारखा आवाज, मागून खोल घुमणारा दणका, रिकाम्या देवळात नगाऱ्यावर थाप पडावी तसा. बर्फाच्या तक्त्यातून उंच स्वर आधी पोचतात आणि खर्ज मागून येतो, म्हणून तो सूर असा उतरत जातो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पळाले होते. मासे धरणारे आजोबा हलले नाहीत.

घरी परतताना, अंधार पडता पडता, मोठ्या ओकच्या झाडांपाशी दोन मिनिटं थांबा. डिसेंबर-जानेवारीत शिंगाळ घुबडांची जोडी एकमेकांना साद घालते. फेब्रुवारीत मादी अंडी उबवत बसते, पाठीवर बर्फ साचलेला असतानासुद्धा.

पायरी ७: एक रविवार गरुडांसाठी

जानेवारीत सकाळी लवकर प्रेरी डू सॅकला जा, तासाभराच्या आत पोचाल. विस्कॉन्सिन नदीवरच्या धरणाखाली पाणी गोठत नाही, म्हणून पांढऱ्या डोक्याचे गरुड माशांसाठी जमतात. गाडीतूनच बघा. जवळ गेलात की ते उडतात, आणि या दिवसांत एक फुकटचं उड्डाणही त्यांना महागात पडतं.

पायरी ८: वर बघा

इथे २१ डिसेंबरला दिवस साधारण नऊ तासांचा आणि दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेतेवीस अंशांवर. मुंबईत त्याच दिवशी तो याच्या दुप्पट उंचीवर असतो. भर दुपारीही खांबांच्या सावल्या लांबच लांब पडतात. स्वच्छ, कडक थंडीच्या सकाळी सूर्य खांबाआड झाकून हात लांब करा आणि वीत पसरा. सूर्यापासून एका वितीवर, डावीकडे आणि उजवीकडे, तांबूस कडेचे दोन तेजस्वी ठिपके दिसले तर ते प्रतिसूर्य. हवेत तरंगणाऱ्या षट्कोनी बर्फकणांतून किरण बावीस अंशांत वळून आलेले असतात. रात्री तेच कण रस्त्यावरच्या दिव्यांवर उभे प्रकाशखांब करतात.

लहानपणी आजी सांगायची की संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो. इथे तो तीळ मोजता येतो: १४ जानेवारीला दिवस डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाहून वीसेक मिनिटांनी मोठा झालेला असतो. आम्ही तिळगूळ वाटतो तो साडेचारऐवजी पावणेपाचला मावळणाऱ्या सूर्याच्या साक्षीनं.

पायरी ९: वही

साधी दोनशे पानी वही घ्या. तारीख, तापमान, वारा, आणि दिसलेली एकच गोष्ट. एकाहून जास्त लिहायला गेलात की पंधरा दिवसांत वही सुटते, अनुभवाचं बोलतेय. या भागात अशा नोंदींची परंपरा आहे. इथल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या अल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये बॅराबू गावाजवळ एक निकस शेत घेतलं, कोंबड्यांच्या खुराड्याची झोपडी केली आणि कुठलं फूल कधी उमललं, कुठला पक्षी कधी आला ते लिहीत राहिले. पुढे त्यांच्या मुलीनं, नीना लिओपोल्ड ब्रॅडली यांनी, त्याच जागी पुन्हा नोंदी केल्या. दोन्ही शेजारी ठेवल्यावर वसंतातल्या कितीतरी गोष्टी पूर्वीपेक्षा लवकर घडताना दिसल्या.

माझ्या वहीत फेब्रुवारीअखेरची पानं सगळ्यांत मळकी आहेत, कारण तेव्हा चिखल सुरू होतो. आर्बोरेटम या वृक्षोद्यानातल्या झऱ्यांच्या काठी स्कंक कॅबेज नावाची वनस्पती बर्फातून जांभळट टोक काढते. ती स्वतःची उष्णता तयार करते, म्हणून तिच्याभोवती बर्फ वितळून बशीएवढं गोल भोक पडलेलं असतं. त्या भोकात बोट घालून बघा. मग मार्चच्या सुरुवातीला एके दिवशी दक्षिणेकडून सँडहिल क्रौंचांचा घोगरा आवाज येईल, दिसण्याच्या कितीतरी आधी. तारीख लिहा. फावडं मात्र एप्रिल संपेपर्यंत दाराशीच राहू द्या.